प्रत्येकी दहा मिनिटं

हर्णैला, लॉजच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्चीवर
त्यांनी पांढरी चादर टाकली आहे.
माझ्या डाव्या खांद्यामागे सुवर्णदुर्ग यावा
म्हणून खुर्ची तीनदा सरकवली.
उजव्या खांद्यामागे बर्फाचा कारखाना येत होता,
तो फ्रेमबाहेर ठेवला. पत्रा गंजलाय म्हणे.
सिनेमात आम्ही तो निळा रंगवला होता.

प्रत्येकी दहा मिनिटं.
शलाका कॉलरला माइक लावते, पाणी देते,
कानाशी येऊन सांगते :
बाबांचा किस्सा नक्की घ्या, तो चालतोय.

चालतोय खरा.
सकाळी पहिल्या बाईंना सांगितला
तेव्हा तो जेमतेम उभा राहत होता.
बाबा रात्रपाळीला लाद्या काढायचे.
खाऱ्या टाकीतून डबे वर यायचे,
लादी आकड्याने ओढायची, फळीवरून सोडायची,
खाली तिचा भुगा होऊन होडीच्या पोटात.
बोटं बधिर व्हायची. एवढंच.
एवढंच म्हटल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्याला मी एक नख दिलं,
गेलेलं, परत न उगवलेलं.
तिसऱ्याला दोन.
चहाच्या आधी एक पेर.
जेवणानंतरच्या चॅनेलला
(सोलकढी प्यायलो होतो, दिवा थेट डोळ्यांत)
करंगळी, अख्खी.
आणि ती मुलगी खरंच रडली.
मग मीही रडलो,
ते रडणं खोटं नव्हतं,
याचंच काय करायचं ते मला कळत नाहीये.

मधल्या प्रश्नांना मी झोपेतही उत्तरं देईन.
आधी लेखक की आधी नट? (हसायचं.)
भूमिकेची तयारी कशी केली? (तळहात पुढे करायचा.)
कोकणानं तुम्हाला काय दिलं?
(इथे समुद्राकडे बघायचं. फार वेळ नाही.)
घरी एक पान वीसदा खोडणारा माणूस
इथे पहिल्याच खर्ड्यावर टाळी घेऊन उठतो.

साडेचारला खाली लिलाव सुरू झाला
आणि साउंडवाला वैतागला.
पुळणीवर टोपल्यांभोवती माणसांची कडी,
सुरमईचा भाव चढतोय, अडतोय, पुन्हा चढतोय.
तिथेही एकेका टोपलीला दोन-तीन मिनिटंच,
पण मासा समोर असतो.
कल्ला उचलून बघता येतो.

शेवटचा गावातलाच पोरगा,
निहाल पावसे, स्वतःचं चॅनेल,
मोबाइल काठीला, माइकला वाऱ्यासाठी पायमोजा.
याला पाचच, शलाका म्हणाली.
त्याने तयारीबियारी काही विचारलं नाही.
म्हणाला, आमचा आजा तुमच्या बाबांच्या पाळीला होता.
सकाळपासून तुमचे व्हिडिओ बघतोय.
त्यानं विचारायला सांगितलंय,
करंगळी कधी गेली?
तो तर शेवटपर्यंत दहा बोटांनी पत्ते पिसायचा.

किल्ला माझ्या मागे होता, तसाच, नीट फ्रेममध्ये.
मी खुर्ची वळवली.
गंजक्या पत्र्यावर दोन घारी.

बाबा पहाटे घरी यायचे,
उकळत्या चहाची बशी दोन्ही हातांत धरायचे
आणि आईला विचारायचे :
गरम हाय का गो?
ती घोट घेऊन सांगायची.
रोज.
मगच ते प्यायचे.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
सिनेमातही नाही घेतलं.
यात काही तुटत नाही,
रक्त नाही,
दहा मिनिटांत कुणाला रडवता येईल
असं यात काही नाही.

शलाकाने घड्याळावर बोट ठेवलं.
पोराने मोबाइल खाली केला नाही.
आजोबांना सांग, मी म्हणालो,
आणि पुढचं वाक्य मला पाठ नव्हतं.