एकोणतीस अंश

ट्रामच्या तिकिटामागे तिनं आकडा लिहून आणला होता : २९.
"त्याच्या टाकीतलं पाणी," व्लास्ता कुबिचकोव्हा म्हणाली.
हातमोजे काढले नाहीत.
ओस्ट्रावातला जानेवारी. दुकानाच्या काचेला
बाहेरून बर्फ, आतून घाम.

टाकीत पाच डिस्कस आहेत,
बशीएवढे, मानी, जेवताना सांडणारे.
सांडलेलं तळाशी कुजतं.
ओल्डरिख होता तोवर रोज संध्याकाळी नळीनं उपसायचा.
आता तिला तळाचे मासे हवेत,
मिशीवाले, उष्टं चालणारे,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मी सुरू झालो. धंदाही तोच, खोडही तीच.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात,
मासे मात्र आपसात खुशाल करतात.
हा लाल शेपटीचा घेऊ नका, आज बोटाएवढा आहे,
उद्या पाचही डिस्कस त्याच्या पोटात असतील
आणि तो टाकीत वळू शकणार नाही.
हा मोठा प्लेको, लहानपणी गुणी, काच चाटतो,
थोराड झाला की रात्री झोपलेल्या डिस्कसला चिकटून
त्याच्या अंगावरची साय खातो.
"तसला एक आहे आमच्यात," ती म्हणाली. "जावई."

पांडा कोरींपाशी ती थांबली.
डोळ्यांवर काळी पट्टी, चोर सापडल्यासारखा चेहरा.
वाकली. हसलीसुद्धा.
पण ते गार ओढ्यांतले.
एकोणतीसमध्ये ते मरत नाहीत लगेच,
नुसते घाईघाईनं म्हातारे होतात.
"तीन-चार अंश खाली आणा," मी म्हणालो,
"डिस्कस रुसतील थोडे, पण विजेचं बिलही..."
"नाही."

फिल्टर गुरगुरत राहिला.
मग तिनंच सांगितलं, टाकीकडे बघत, माझ्याकडे नव्हे :
नऊशे मीटर खाली असंच गरम असतं.
वर नाकातलं पाणी गोठायचं
आणि हे लोक खाली उघड्या अंगानं कोळसा खणायचे.
एकतीस वर्षं.
खाण बंद झाली, तेव्हापासून त्याला घरात थंडी वाजायची.
हीटर मी सतराच्या वर जाऊ दिला नाही कधी.
पैन् पै मोजणारी मी.
मग त्यानं टाकी आणली.
म्हणायचा, माशांना लागतं गं.
आणि काचेला गाल लावून बसायचा.

यावर काय बोलणार.
मी स्टर्बाई दाखवल्या.
काळ्या अंगावर पांढरे ठिपके,
कोळशाच्या धुळीवर कुणी मीठ शिंपडावं तसे.
पुढचे पर नारिंगी.
ह्या उन्हाळ पाण्यात रमतात.
सहा तरी घ्या, एकटी कोरी कोपऱ्यात बसते.
आणि खाली खडी असेल तर आधी ती काढा,
बारीक वाळू घाला, नाहीतर मिशा झिजतात.
मिशांनीच त्यांना दिसतं.

"ती सहावी," तिनं बोट दाखवलं.
एका बाजूची मिशी अर्धीच.
म्हटलं, दुसरी देतो, चांगली.
"वाळूत वाढेल म्हणालात ना?"
वाढते. बहुतेक वेळा.
मी असं म्हणालो नव्हतो, पण वाढते.

पिशवी तिनं कोटाच्या आत धरली, स्वेटरवर,
आणि एका हातानं बटणं लावत
ट्रामच्या दिशेनं, घसरत, सांभाळत.
पाच मिनिटांनी लक्षात आलं,
पैसे घ्यायचे राहिले.

तिसऱ्या आठवड्यात फोन.
आवाज पडलेला.
"ते सारखे वर येतात. एकदम सुटतात,
पाण्याबाहेर तोंड काढतात, आणि परत खाली.
काही चुकलं का माझं?"

नाही, म्हणालो. गरम पाण्यात हवा कमी असते.
ते वर येऊन एक घोट गिळतात
आणि तो पोटात घेऊन खाली कामाला लागतात.
जातच तशी आहे. हवेचा दगड तेवढा वाढवा.

पलीकडे बराच वेळ काही नाही,
फक्त टाकीचा पंप, बुडबुडे.

"सहाही येतात," ती म्हणाली.
"मी मोजते."