एकेरी

शुक्रवारी रात्री पोचलो तेव्हा अंधार झालाच नव्हता.
जूनमध्ये इथे दिवस साडेदहाला बुडतो,
तोही मनापासून नाही.
केबिनची किल्ली देताना घरमालकीण झेंता म्हणाली,
"पाणी चौदा अंशांवर आहे. सध्या त्यात कुत्री उतरतात
आणि रीगाहून आलेले लोक."
आम्ही येल्गावाचे. काही बोललो नाही.

दोन रात्री. सुट्टी एवढीच.
सोमवारी पहाटे रायतिसचा ट्रक रॉटरडॅमच्या वाटेला लागणार,
मग पाच आठवडे तो फोनमधला चेहरा,
पेट्रोल पंपाच्या निळ्या उजेडात
मधूनच गोठणारा, तोंड अर्धं उघडं.

तेक्ला चार वर्षांची.
बालवाडीत नुकतंच शिकवलंय,
परक्या मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणायचं.
जेवताना ती बापाकडे वळली,
"तुम्हाला अजून बटाटा हवाय का?"

तो हसला. मीही.
मग भांडी धुताना एकच ताटली
तो कितीतरी वेळ धूत राहिला.

शनिवारी पाणी.
आमचा समुद्र असा, की चालत राहावं
तरी गुडघ्याच्या वर येत नाही.
शंभर पावलं, दोनशे,
मागे पाइनची झाडं दाढीच्या खुंटांएवढी झाली
आणि अजून पोटऱ्याच भिजलेल्या.
इथे पोहायचं तर सोबत शिदोरी घ्यावी, असं झेंता म्हणते.

तेक्ला माझ्या हाताला धरून.
तो दहा पावलं पुढे, तळ चाचपत,
कुणी सांगितलं नसताना.
"तुम्ही पडाल! तिकडे शेवाळ आहे!"
ओरडली, पण फार आदबीने.

दुपारी धुरी दिलेला लेपा, वर्तमानपत्रावरच,
काळा पाव, शेपू घातलेलं दही.
तिने काटे वाळूत ओळीने मांडले
आणि सगळ्यात लांब काटा त्याला दिला.
"पाहुण्यांना मोठा."
त्याने तो पाकिटात ठेवला, लायसन्सच्या मागे.
मी पाहिलं.

मला काय वाटलं तेही लिहिते, मग खोडेन कदाचित.
थोडं बरं वाटलं.
ताप, रात्रीचं उठणं, हरवलेला दुसरा मोजा,
पाच-पाच आठवडे सगळं माझं,
तर तो 'तू'ही माझ्यापाशीच राहू दे.
असं वाटलं, आणि वाळूत जिरलं.
म्हणजे वरून कोरडं. खाली ओलंच.

रविवारी सामान गाडीत चढलेलं,
तिचे केस विंचरून झालेले,
"फक्त पाय बुडवायचे" अशा करारावर पुन्हा पाण्याशी गेलो
आणि तिची डावी सँडल गेली.
लाल, पट्ट्यावर बदक.
म्हणावी अशी लाटही नव्हती.
पाण्याने नुसती उचलली
आणि ती सावकाश, मागे न बघता,
एस्टोनियाच्या दिशेने चालू पडली.

तेक्लाने छाती भरून श्वास घेतला.
या श्वासानंतर माझं नाव येतं, नेहमी.
मी वाकलेसुद्धा.

"बाबा! धाव ना!
तू! अरे तू काय बघत उभा राहिलायस!"

तो धावला. जीन्ससकट, बुटांसकट, खिशातल्या फोनसकट,
त्या न संपणाऱ्या गुडघाभर पाण्यात,
बैल उधळावा तसा.
सँडल त्याच्या हाताशी केव्हाच आली होती,
मला काठावरून दिसत होतं.
तरी तो आणखी थोडा धावला.

परतताना फोन मेलेला.
"नवा घ्यावा लागणार," म्हणाला.
खर्चाचं बोलताना इतका खूष झालेला माणूस
मी पाहिला नव्हता.
मागे ती झोपलेली, एका पायात सँडल,
दुसरी हीटरच्या झोताशी वाळत,
बदकाच्या डोळ्यात वाळू.

बूट मात्र वाळले नाहीत.
पहाटे चारला ते ओलेच घालून तो निघाला.
जिन्यावरून खाली जाताना पचपच वाजत होते,
तळमजल्यापर्यंत ऐकू आले.