मोराची मान

क्रिकेटच्या त्या गेममध्ये सोलापूर नव्हतं.
नसणारच.
लंडन होतं, मेलबर्न होतं,
आणि आमच्या दत्त नगरात, शिलाई मशीनच्या टेबलावर,
एक सेकंडहँड कॉम्प्युटर,
झाकण काढून ठेवलेला, पोटावर टेबलफॅन सोडलेला,
कारण मे महिन्यात पारा त्रेचाळिसावर गेला की
तोही माणसासारखा बसकण मारायचा.

मला खेळण्यापेक्षा बदलण्यात गोडी.
नोटपॅडमध्ये फाईल उघडायची,
परदेशी सलामीवीर पुसायचे
आणि लिहायचं: यमूल. कुरापाटी. चिप्पा. गाजूल.
पंक्चरवाल्या इरण्णाला पळता येत नाही,
पाय लहानपणीच गेलेला.
त्याला मी वेग दिला अठ्ठ्याण्णव.
शंभरच देत होतो. तो म्हणाला,
'शंभर नको बे, खोटं वाटतंय.'

बहीण नागमणी सात नंबरला.
गेममध्ये बाईमाणूस हा पर्यायच नव्हता,
म्हणून तिच्या वाट्याला दाढीवाला चेहरा आला.
'चालतंय,' म्हणाली, 'दाढी तेवढी कमी कर.'
कमी होईना.
मग तेंदूची पानं भिजत घालून
ती भिजेपर्यंतच्या वेळात
तिनं तशाच दाढीनं एकशे चौदा काढल्या.
समालोचक इंग्रज. त्याला नागमणी म्हणता येईना,
तो आमचं एकही नाव न घेता
आमचं तोंड भरून कौतुक करायचा.

मैदानाला अडीच महिने लागले.
मामाच्या मोबाईलवर पार्क मैदानाचे फोटो काढले,
त्यातला कडुनिंब कापून चिकटवला,
तो हवेत तरंगायला लागला.
खाली ओढला तर गोलंदाजाच्या वाटेत उभा.
ठेवला तसाच.
गोलंदाज झाडातून पळत यायचा
आणि फांदीला धक्का न लावता यॉर्कर टाकायचा.
सीमारेषेवरच्या फलकांवर शेंगा चटणी,
कडक भाकरी, आणि इरण्णाचा फोन नंबर.
(नंबर बंद झालाय. गेमसुद्धा आता कुठल्याच मशीनवर चालत नाही.)

राहिली जर्सी.
आपली टीम म्हटल्यावर अंगावर आपली चादर पाहिजे.
पेंटमध्ये मोर काढायला बसलो, चौकोनावर चौकोन,
आणि प्रत्येक वेळी कोंबडी होत होती.

नाना कारखान्यातून आले.
कानात लूम चालूच असायचा,
त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलायचे.
'काय करलालास बे?'
मी गप्प. दोन दिवसांवर गणिताचा पेपर.
त्यांनी चष्मा लावला, पडद्याला नाक टेकेल इतके वाकले,
आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले,
'हा तर ग्राफ आहे.'

तीस वर्षं त्यांनी निळ्या रेघांच्या कागदावर
घरं भरली होती.
त्या घरांवरून पुठ्ठ्याला भोकं पडायची,
भोकं बघून दोरे उठायचे,
आणि लोकांच्या अंगावर मोर, हत्ती, कमळं झोपायची.
मला हे माहीत होतं,
शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा लिहिण्यापुरतं.

'मान दोन घरं मागं घे.
आता एक घर मोकळं सोड. भरू नको, सोड.
पिसारा कुणीपण काढतंय.
मोर मानेनं मोर होतो.'

रात्रीचे अडीच.
माऊस माझा, बोट त्यांचं,
काचेवर बोटाचे डागच डाग.
आई झोपेतच तेलुगूत काहीतरी बोलली,
दोघांना मिळून एकच शिवी असावी.

सकाळी टीम मैदानात उतरली,
अकरा जण, त्यात एक दाढीवाली,
छातीवर मरून रंगाचा मोर.
नानांना क्रिकेट कळत नाही.
इरण्णानं पळून तिसरी धाव काढली तरी
ते काही बोलले नाहीत.
रीप्ले लागला तेव्हा मात्र हात वर केला,
'थांबव. फिरव त्याला.
जोड बघू दे.'

पाठीवर जुळला होता.
काखेत एक घर चुकलं होतं.

नानांनी सायकलची किल्ली खिशातून काढून
परत खिळ्याला अडकवली
आणि स्टूल पुढं ओढलं.