किमान लांबी

ज्या काट्यावर आई जॅमची साखर तोलायची
त्यावर रात्री दहाला आम्ही दोऱ्या तोलतोय.
डॅडींचा नवा गुडघा टेबलाखाली सरळ पसरलेला.
बाहेर नोलिचकी नदी,
पुलावर कोळशाची मालगाडी, संपतच नाही.

पहिला पट्टा फाशांचा. एकाला लागून एक, शिवलेले.
जोडी तीनशे दहा ग्रॅम.
"अंधारात, हातमोजे घालूनही बोटाला सापडतो,"
डॅडी म्हणतात.
एकतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर
कमरेच्या पट्ट्याच्या भरवशावर काढली त्यांनी.
शिवणीवर त्यांचा जीव आहे.
पण फासा इथे, नाही तर तिथे.
मधल्या चार बोटांत झोप अडकली
तर तिला जागा नाही.

दुसरा बकलाचा. एकशे चाळीस.
ओढला की घट्ट, बकल उचललं की सैल,
हवं तिथे थांबतो, कुरकुर करत नाही.
फक्त पावसात पाणी पितो
आणि ते गुपचूप पाठीपर्यंत आणून सोडतो.
मग बकलाजवळ बुटाच्या नाडीचा तुकडा बांधायचा,
थेंब तिथेच उतरतात,
चिखलाचे बूट दाराबाहेर उतरावेत तसे.

तिसरी मी केलेली.
काट्याने आधी तिची दखलच घेतली नाही.
मग म्हणाला, चौतीस.
"झाडाचे पट्टे धरलेस का?" डॅडींनी लगेच विचारलं.
नव्हते धरले.

या दोरीला गाठ मानवत नाही.
निरगाठ घसरते, सुरगाठ तर विचारूच नका.
म्हणून टोक सुईने तिच्याच पोटात घालायचं,
वीतभर आतून चालवायचं, बाहेर काढायचं.
जितका भार, तितकी ती स्वतःला आवळते.
सैल करायची तर स्वेटरची बाही सरकवावी
तशी मागे सरकवायची.
सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात.
हिला पीळच नाही, नुसती वेणी.
डॅडींनी ती नाकाशी धरली.
"वाससुद्धा नाही," म्हणाले, आणि बाजूला ठेवली.

मी तीच घेतली, दोघांसाठी.

शुक्रवारी रोन डोंगराच्या उतारावर
निवारा भरलेला. बाकावरच्या वहीत डॅडींनी लिहिलं:
व्हर्लिन टिप्टन. गुडघा नवा, बाकी जुना.
मग झाडं शोधत निघालो.
हेमलॉक सगळे करडे, उभ्याने वाळलेले,
किडीने चार उन्हाळ्यांत संपवलेले.
डॅडींनी एकाला बोटाच्या पेराने ठोकलं,
दुसऱ्याला नुसतंच बघितलं.
मेलेल्याला टांगायचं नाही, इतकं तरी आम्हा दोघांचं एकमत.
जिवंत असे एक मेपल, एक पॉप्लर.
मधे अकरा फूट. झोळीच दहाची.

मी अंगठा आणि तर्जनी ताणून कोन धरला,
दोरी आखडत नेली, नेली,
आणि ती थांबली.
पोटात पुरलेलं टोक तेवढं लांब लागतंच,
त्याहून जवळ तिला येता येत नाही.
झोळीत डॅडी बसले
आणि पानांवर टेकले, हळूच,
जसं काही तेच करायचं होतं.

मी वजन तोललं होतं.
हे तोललं नव्हतं.

ते बोलले नाहीत.
सॅकच्या तळातून लोकरी मोजा काढला,
मोज्यातून फाशांचा पट्टा.
तीनशे दहा ग्रॅम, अकरा मैल, नव्या गुडघ्यावर,
माझ्यापासून लपवून.
खोडाला दोन वेढे, सालीला लागूनचाच फासा,
आडकडीचा एकच आवाज.

माझी झोळी वर, लांबच्या दोन ओक झाडांत.
रात्री वारा आला. त्यांचा पट्टा जरासा करकरला,
माझी दोरी गप्प होती, इतकी
की मी दोनदा हात लावून पाहिला.
पहाटे पाऊस. टॉर्च तोंडात धरून
मी पुरलेलं टोक मोजलं.
सहा बोटं कमी पुरलं तर चालेल बहुतेक.
पाच तर नक्की.
मग धरेल की नाही, बसल्याशिवाय कळणार नाही.

डॅडी कॉफी ढवळत होते.
"घरी गेल्यावर हा पट्टा परत काट्यावर ठेव,"
ते म्हणाले. "ओला झालाय.
तुला आवडेल आकडा."