कव्हर

सावद्याच्या रस्त्याला आमचं केळी पिकवायचं शेड.
सहा खोल्या. पाच नंबरची रिकामी होती
तेव्हा चैताली बऱ्हाटे गिटार घेऊन आली.
म्हणाली, इथे आवाज जातो तो परत येत नाही,
मला अशीच खोली पाहिजे.
दोन रात्रींचं भाडं तिने आधीच मोजलं.

मी कॉम्प्रेसर बंद केला.
मे महिना. दार लावल्या लावल्या घाम.
बसायला उलटे क्रेट,
माइकच्या जाळीला मागच्या लॉटचा गोड वास.
गिटार भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली,
विल्मट साहेबाच्या मुलीने जाताना विकलेली,
पोटावर भेग, भुसा आणि डिंकाने बुजवलेली.

नऊ गाणी. एकही तिचं नाही.
विल्मटबाई कांदा चिरताना म्हणायची ते एक,
अर्धंच, कारण पुढचं कुणालाच येत नाही.
यावलच्या फडातल्या अनुसयाबाईचं एक,
जे शिट्ट्यांवर चालायचं;
चैतालीने ते इतकं हळू म्हटलं
की पहिल्यांदाच कळलं, बाई थकलेली आहे.

मी विचारलं, तुझं स्वतःचं?
तार पिळत म्हणाली, आधी पाहुण्यांचं ताट.
कव्हर म्हणतात याला.
कव्हर? आम्ही घडाला घालतो ते?
गरम वारा लागून साल करपू नये म्हणून
निळी पिशवी, खालून उघडी?
मी हसलो. ती नाही हसली.
म्हणाली, हो. खालून उघडीच पाहिजे.

सातवं गाणं माझ्या बापाचं.
भिकन मास्तर, क्लॅरिनेट, न्यू गुलशन ब्रास बँड.
वरात दारी लागली, नवरदेव घोड्यावरून उतरला,
की वाद्य काखेत धरून तो गायचा :
मले रस्ता ठावा नाही, तुले गाव ठावं नाही…
आणि तिसऱ्या ओळीला दर वेळी अडायचा.
हां रे, हां रे, करत गाणं पुढे ढकलायचा,
ढोलवाला तोंड फिरवून हसायचा.
निंभोऱ्याच्या कुठल्याशा लग्नाची कॅसेट
तिला कुठे मिळाली कोण जाणे.
त्यात जनरेटर जास्त, बाप कमी.

मी तिला तिसरी ओळ दिली.
तापमानाच्या वहीचं मागचं पान फाडून लिहून दिली.
बापाचीच, म्हणालो. घरी म्हणायचा.
खोटं. बाप घरी गातच नसे.
चौदा वर्षं रात्रपाळीत
सतरा अंश, साडेसोळा, सोळा लिहिता लिहिता
ती मीच जुळवली होती.
तिने कागद दोनदा वाचला,
घडी घालून गिटारच्या पेटीत ठेवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अल्बम आला.
बऱ्हाणपूरच्या टेम्पोत, इरफानच्या शेजारी बसून ऐकला.
सातवं लागलं.
दोन ओळी. मग नुसती तार.
मग
हां रे, हां रे.
बाप अडायचा तिथेच, तेवढंच,
मधला श्वाससुद्धा त्याचा.
इरफान म्हणाला, बाई विसरली वाटतं.
मी म्हणालो, बाई नाही.

मला राग आला. रावेरपर्यंत पुरला.
मग रेल्वे फाटक बंद होतं,
इरफानने बिडी पेटवली,
आणि मी गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं.
ढोलवाला कुठेच नव्हता,
तरी कुणीतरी तोंड फिरवून हसल्यासारखं वाटलं.

आठवड्याने कागद टपालाने परत आला.
माझी ओळ, जशीच्या तशी.
खाली तिच्या बारीक अक्षरात :
ही त्यांची नाही. हिला अजून गाणं नाही. सांभाळ.

आज पाच नंबरला हिरवा लॉट चढलाय.
वहीत वेळ लिहिली, अंश लिहिले, गॅस सोडल्याची सही केली.
शेऱ्याचा रकाना मोकळा असतो,
मालक तो कधी बघत नाही.
कॉम्प्रेसर ज्या पट्टीत घुमतो ती धरून
मी पहिली ओळ शोधतोय, तिसरीच्या आधीची.
दोन खोडल्या.
सकाळी गाडी सहाला आहे.