टाक्यांची वही

पडद्यावर नकाशा उघडला की आधी पांझरा दिसते,
निळी.
बावीस वर्षं धुळ्यात नोकरी केली,
मे महिन्यात इतकी निळी पांझरा
मी फक्त या पडद्यावरच पाहिली.

माझं काम ठिपक्यांचं.
चाकू लाल, मारहाण केशरी,
गाडी आडवी घालून दिलेली धमकी पिवळी.
फिर्याद वाचायची, जागा शोधायची, बटण दाबायचं.
कुणाचा कान गेलेला असतो,
माझ्यापर्यंत येईस्तोवर तो मोहरीएवढा होतो.

बागुल साहेबांनी वर्षभराचे ठिपके एकावर एक साचू दिले.
बंद सूतगिरणीमागची गल्ली गळवासारखी तटतटली,
शनिवारी, रात्री नऊ ते अकरा.
शनिवारी मागावरचा पगार.
गल्लीतला दिवा दोन वर्षांपूर्वी फुटलेला,
बल्ब कुणी बसवायचा यावर तीन कागद फिरत होते.
दिवा लागला.
मालकांना बसवून चहा पाजला, पगार दुपारी वाटायचं ठरलं.
पोळ्यापर्यंत लाल ठिपके तीनच.
साहेबांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

पण नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात, नदीकाठी,
एक वस्ती पांढरीच राहायची.
टँकर उशिरा आला त्या दिवशीसुद्धा पांढरी.
शहाणी माणसं, साहेब म्हणाले.
मला ती पुसलेल्या पाटीसारखी वाटायची.

आईच्या पायाचं ड्रेसिंग करायला सिव्हिलला गेले.
सिस्टर वत्सला बिरारींपुढे जाड पुठ्ठ्याची वही होती.
उलट्या बाजूनंही वाचता येतं मला,
पोलिसाला येतं.
कपाळ, चार टाके, पायरीवरून पडली.
भुवई, सहा, पायरीवरून पडली.
ओठ, तीन, पायरी.
पत्ता माझ्या पांढऱ्या जागेचा.
बाकावर एकजण बसली होती, तिला विचारलं.
"पायरीवरथीन पडनू वं माय,"
म्हणाली, आणि पदर डोळ्यापर्यंत ओढला.

संध्याकाळी गाडी तिकडं वळवली.
पत्र्याची घरं, जमिनीला चिकटलेली.
उंबरासुद्धा नाही कुठं, दाराला गोणपाट.
अख्ख्या वस्तीत दोन पायऱ्या, समाजमंदिराच्या,
त्यांवर एक कुत्री पिलांना पाजत पडलेली.
भांडी घासणाऱ्या म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं,
राख लावलेला हात तसाच ठेवून:
"आठे पायऱ्या कोठे शेतस, बाई?"

नावं न घेता, फक्त गल्ली आणि वार,
सिस्टर वाचत गेल्या, मी ठिपके टाकत गेले.
यादीत पायरीचा रंग नव्हता.
मी जांभळा घेतला.
साहेब बराच वेळ पडद्यासमोर उभे.
"पण फिर्याद कुठाय?"
"नाही, साहेब."
"मग हे गुन्हे कसे?"
मी काही बोलले नाही. ते खुर्ची ओढून बसले.

आता बुधवारी सिस्टर, आशाताई आणि मी
समाजमंदिरात सतरंजी टाकून बसतो.
तीन बुधवार कुणी आलं नाही.
चौथ्याला म्हातारी आली, बीपी मोजून गेली.
जांभळे ठिपके कमी झालेत म्हणावं, तर नाही,
उलट वाढलेत, आणि साहेबांना हे
वर कसं कळवावं ते सुचत नाही.

परवा ती आली, भुवईवाली.
टाके निघालेले, खूण ताजी.
कुत्रीला ओलांडून आत आली, बसली,
आणि लग्नानंतर पहिल्यांदा, उखाण्याशिवाय,
नवऱ्याचं नाव घेतलं.
मी काना-मात्रा विचारून लिहून घेतलं.