दोन सह्यांमधले पंधरा दिवस

फोंड्याच्या निबंधक कार्यालयात फळ्यावर कागद लागलाय.
कालिंदी रघुवीर सावईकर, राहणार सावईवेरे,
आणि एल्विन कुतिन्यो, राहणार कुडतरी.
पहिली सही झाली. दुसरी पंधरा दिवसांनी.
मधल्या काळात कुणाची हरकत असल्यास कळवावी.

माझी आहे.

माझी मतं जुनी आहेत, मी ती लपवत नाही.
दिवेलागणीला घरातली माणसं घरात असावीत.
जेवताना ताटाकडे बघावं, हातातल्या उजेडाकडे नाही.
सोमवारी मासळी शिजत नाही म्हणजे नाही,
मग बांगडे शंभराला बारा मिळोत.
कुळागरात पाण्याची पाळी ठरलेली असते,
पाट कुणी मध्येच फोडला
तर खालच्या पोफळी बोलत नाहीत, सुकतात.
घराचंही तसंच, असं मी पोरांना सांगत आलो.
पोरं म्हणायची, पप्पा, आता ठिबक आलंय.

राजकारणातही मी असाच.
एकच चिन्ह, तेवीस वर्षं.
पहाटे सहाला बूथबाहेर खुर्ची मांडायची,
म्हाताऱ्यांना रिक्षातून आणायचं,
यादीतल्या मेलेल्यांच्या नावावर पेन्सिलीनं रेघ.
मांडवीतल्या जुगाराच्या बोटी हलवणार, म्हणाले,
मी टाळ्या वाजवल्या.
बोटी तिथंच आहेत. चुलतभावाचा मुलगा
तिथं टाय लावून पत्ते वाटतो.
त्याच्या लग्नात मी अक्षता टाकल्या, जेवलोही.

सहाव्या दिवशी आमदार पलीकडे गेला.
रात्री अकराला गेला, सकाळी म्हणाला, विकासासाठी.
नवव्या दिवशी फोन:
काका, सत्कार ठेवलाय, देवळाच्या सभागृहात,
प्रास्ताविक तुम्हीच करा, तुमचं मराठी शुद्ध.

लिहायला बसलो.
हरकतीचा अर्ज अर्धा झाला होता,
त्याच वहीच्या पाठच्या पानावर प्रास्ताविक.
इकडे परंपरा, तिकडे परंपरा.
इकडे ‘कुटुंबाची मान्यता नसताना’,
तिकडे ‘आपलं कुटुंब आता मोठं झालं’.
पेन तेच, निळं, बागायतदार सोसायटीनं दिलेलं.

चंद्रकला चहा घेऊन आली, उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली.
आमच्या घरात भांडण कोंकणीत होतं, उपदेश मराठीत.
ती मराठीत म्हणाली,
“त्याला हार घालणार, आणि हिला हरकत?”
कप तिनं वहीवरच ठेवला.

तुम्हाला वाटेल, माझं मत बदललं.
नाही.
अजून वाटतं, तिनं आधी विचारायला हवं होतं.
अजून वाटतं, नातवंडं कुठल्या देवासमोर हात जोडणार
हे कुणीतरी विचारायलाच हवं,
आणि विचारणारा वाईटच दिसणार, तर बाप बरा.
एल्विन एकदा घरी आला होता.
चपला बाहेर काढल्या, न सांगता नारळ सोलायला बसला.
वाईट सोलतो.

सत्काराला गेलो नाही. ताप आहे म्हणालो,
आणि थर्मामीटर तोंडात धरून बसलो,
निदान खोटं तरी नीट व्हावं.
हार दुसऱ्या कुणी घातला.
अर्ज वहीतच आहे, चहाच्या गोल डागाखाली.

सोळाव्या दिवशी फोंड्याला जाणं होतं,
सुपारीचा भाव विचारायला.
कार्यालयाच्या खाली झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबलो.
वर सही चालली असावी.
दुकानदारानं विचारलं, काका, काय काढायचंय?
पिशवीत बूथची जुनी यादी होती, सवयीनं.
अनुक्रमांक चारशे बारा, कालिंदी, वय एकोणतीस.
हे नाव आता कुडतरीच्या यादीत जाईल.
खिशात पेन्सिल होती,
पण ती आजवर फक्त मेलेल्यांसाठी वापरलीय.

म्हटलं, काही नाही, उभा आहे थोडा वेळ.
तो म्हणाला, मग जरा बाजूला उभे राहा,
गिऱ्हाईक येतंय.